हिवाळी सत्राचं पत्रक छापायला जाण्यापूर्वी

खासगी शाळांचे मुख्याध्यापक, संचालक मंडळ आणि हिवाळी सत्राचं नियोजन करणारे सर्व शिक्षक यांस,

स. न. वि. वि.

सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली की थोड्याच दिवसांत हिवाळी सत्राचं पत्रक पालकांच्या हाती येतं. मुख्याध्यापकांचं मनोगत, मागच्या सत्रातल्या विजेत्यांची छायाचित्रं आणि मग कार्यक्रमांची यादी: क्रीडादिन, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, सहल, पालकसभा, परीक्षा. मी दोन मुलांची आई आहे. पालक समितीवर काम करताना हे पत्रक जुळवायला शिक्षक किती खपतात ते मी जवळून पाहिलं आहे. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तरीही जे म्हणायचं आहे ते एका शाळेच्या सूचनापेटीत न टाकता सगळ्यांसमोर मांडते आहे, कारण ते बहुतेक खासगी शाळांना सारखंच लागू पडतं.

ज्या मुलाचं नाव या पत्रकात कुठेच नसतं, त्याच्या घरच्यांना ते वाचून काय मिळतं?

चाळीस मुलांच्या वर्गात बक्षीस मिळवणारी, सूत्रसंचालन करणारी, शाळेच्या संघात खेळणारी मुलं फार तर सात-आठ. बाकीच्यांचे आईवडील पत्रक वर-खाली सरकवतात, एखाद्या समूहचित्रात आपलं मूल दिसतंय का ते शोधतात, पोशाखाच्या आणि शुल्काच्या तारखा टिपून घेतात आणि पुढच्या कामाला लागतात. आपलं मूल या तीन-चार महिन्यांत काय शिकणार आहे, सध्या त्याचं कुठे अडतंय, घरी आम्ही काय केलं तर त्याला मदत होईल, हे त्या गुळगुळीत पानांवर कुठेच नसतं. खासगी शाळांमध्ये तर पुढच्या वर्षीच्या प्रवेशांचे दिवस जवळ आलेले असतात, म्हणून ते पत्रक नव्या पालकांना दाखवण्यासाठीही वापरलं जातं. शाळेची ती गरज मला कळते. त्यासाठी वेगळी पुस्तिका काढा. सत्राचं पत्रक मात्र आत असलेल्या मुलांच्या घरांसाठी असू द्या, त्यातल्या प्रत्येक घरासाठी.

शाळा आणि घर यांच्या नात्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टाईन यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांनी या नात्याचे सहा प्रकार मांडले: मूल वाढवताना पालकांना आधार देणं, शाळा आणि घर यांनी एकमेकांशी बोलणं, पालकांनी शाळेच्या कामाला हातभार लावणं, घरी शिकण्याला जोड देणं, निर्णयांत पालकांना सामील करून घेणं आणि शाळा आजूबाजूच्या समाजाशी जोडणं. आपली पत्रकं यातल्या दुसऱ्या प्रकाराची अर्धीच बाजू सांभाळतात. शाळा बोलते, घर ऐकतं. घराला काही सांगायचं असेल तर त्यासाठी पत्रकात एक ओळसुद्धा नसते.

पालकांपर्यंत काय पोचवायचं याबद्दलचं एक उत्तर मला फार पटतं, आणि ते फार खर्चिकही नाही. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स या संशोधकांचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत मागे पडलेल्या माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग चालवले जातात. तिथल्या शिक्षकांनी काही मुलांच्या घरी आठवड्याला एक, फक्त एक, त्या मुलाबद्दलचं वाक्य पाठवलं. ज्या घरी वाक्य गेलं नाही तिथली १५.८ टक्के मुलं विषयात उत्तीर्ण झाली नाहीत. जिथे गेलं तिथे हे प्रमाण ९.३ टक्क्यांवर आलं. नुसत्या शाबासकीपेक्षा पुढे काय सुधारायचं ते सांगणारं वाक्य जास्त कामी आलं.

आता आपल्या वर्गाचा हिशेब मांडून बघा. वर्गशिक्षकांनी रोज चार मुलांबद्दल एकेक वाक्य लिहिलं तर शाळेच्या दहा दिवसांत चाळीस मुलांचा वर्ग पुरा होतो. ‘हातच्याची वजाबाकी जमते, पण वरच्या संख्येत मध्ये शून्य आलं की थांबते, तशी चार उदाहरणं घरी करून घ्या.’ ‘वाचन ओघवतं आहे, पण पूर्णविरामावर थांबत नाही, रात्री एक पान मोठ्यानं वाचायला सांगा.’ एवढंच. हे वाक्य ज्या घरी जाईल तिथे त्या रात्री वही उघडली जाईल. पंधरा पानांच्या मांडणीत जाणारा शिक्षकांचा वेळ यासाठी मोकळा करायचा निर्णय मात्र संचालक मंडळाला घ्यावा लागेल. आहे त्या कामावर हे आणखी एक काम लादलं तर आठ दिवसांत सगळ्या मुलांना एकच वाक्य जायला लागेल.

पालकसभेचंही तसंच. धाकट्याच्या एका पालकसभेत त्याच्या बाईंनी प्रगतिपुस्तक बाजूला ठेवलं आणि त्याची भाषेची वही उघडली. दोन पानांना क्लिपा लावून ठेवल्या होत्या. एक सत्राच्या सुरुवातीचं पान, एक आदल्या दिवशीचं. ‘इथे बघा, दोन शब्दांमध्ये जागाच नाही, सगळी ओळ सलग. आता तो डाव्या हाताचं बोट ठेवतो आणि तेवढी जागा सोडून पुढचा शब्द लिहितो. आता आमचं चाललंय ते अनुस्वारांचं, ते तो शेवटी एकदम द्यायला जातो आणि निम्मे राहतात.’ मुलगा शेजारीच बसला होता. बाईंनी त्याला विचारलं, ‘अनुस्वार कधी द्यायचा?’ तो म्हणाला, ‘शब्द सोडून पुढे जायच्या आधी.’ सगळं मिळून पाच-सात मिनिटं. गुण किती, वर्गात कितवा, असं काही मी विचारलंच नाही; विचारावंसं वाटलं नाही. हिवाळी सत्रातली पालकसभा अशी असावी. मूल खोलीबाहेर उभं करून त्याच्याबद्दल बोलण्यापेक्षा त्याला आत बसवा, त्याची वही त्याच्याच हातात द्या आणि पहिली दोन मिनिटं त्याला बोलू द्या. मोठ्या वर्गातली मुलं तर सगळी सभा स्वतः चालवू शकतात. आपल्याला काय जमलं, काय जमत नाही, पुढच्या महिन्यात काय करणार, हे त्यांना नीट सांगता येतं, फक्त आधी एक तास तयारीला द्यावा लागतो.

आता स्नेहसंमेलनाबद्दल. या सत्रात मुलांचा सगळ्यात जास्त वेळ याला जातो, म्हणून मीही जरा सविस्तर लिहिते.

सराव सुरू झाले की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो, मग चित्रकला, मग ग्रंथालय. नाच बसवणाऱ्यांना पुढच्या रांगेत उंची आणि ताल जमणारी मुलं हवी असतात. उरलेली मागच्या रांगेत हात हलवत उभी राहतात, किंवा रोज सभागृहाच्या जमिनीवर बसून दुसऱ्यांचा सराव बघतात. त्यांना गप्प बसवायला एक शिक्षक लागतात. आदल्या दिवशी संध्याकाळी संदेश येतो की उद्या पांढरे बूट आणावेत, आणि कामावरून परतलेले आईवडील दुकान उघडं आहे का ते बघायला धावतात. एका संध्याकाळी तीन मिनिटांसाठी वापरलेला भाड्याचा पोशाख दुसऱ्या दिवशी परत जातो. ज्या घरी दोन-तीन मुलं एकाच शाळेत आहेत तिथला खर्च आणि धावपळ किती होते याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

संमेलन बंद करा असं माझं म्हणणं नाही. रंगमंच मुलांना हवा असतो. थोरलीला एका वर्षी नाटकात भूमिका मिळाली नाही, तिला पडद्याची दोरी सांभाळायला दिली. मला वाईट वाटलं होतं. तिनं मात्र घरी येऊन नाटकाचा सगळा क्रम एका वहीत उतरवून काढला. कोणत्या वाक्याला पडदा अर्धा ओढायचा, कुठे पूर्ण, कुठे तीन आकडे मोजून थांबायचं. नाटकातली वाक्यं तिला नटांपेक्षा पक्की पाठ होती, कारण एकानं वाक्य गाळलं तर पडदा कधी ओढायचा हे तिलाच ठरवावं लागणार होतं. मागच्या रांगेत हात हलवणाऱ्या मुलाला असं काही मिळत नाही. म्हणून माझी मागणी आहे की प्रत्येक मुलाला खरं काम द्या. प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, जुन्या कपड्यांतून पोशाख शिवणं, विंगेत पुस्तक घेऊन विसरलेली वाक्यं सांगणं, पाहुण्यांना जागा दाखवणं, कार्यक्रमाची माहिती लिहिणं. त्या कामाला श्रेयनामावलीत नाव द्या. आणि शक्य असेल तर एका मोठ्या रात्रीऐवजी प्रत्येक वर्गाचा छोटा कार्यक्रम वर्गातच होऊ द्या. बाकं सरकवून केलेल्या जागेत, ध्वनिक्षेपकाशिवाय, त्या मुलांच्या घरच्यांसमोर. तिथे मागची रांग उरत नाही आणि सगळ्या मुलांचा आवाज ऐकू येतो.

सरावासाठी खेळाचा तास घेऊ नका, ही विनंती मी वेगळी करते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल हवी. हिवाळ्यात दिवस लहान असतो. मूल घरी पोचून दप्तर ठेवीपर्यंत ऊन उतरलेलं असतं. म्हणजे या दिवसांत उजेडातला खेळ त्याला मिळाला तर शाळेतच मिळणार. त्यात डोळ्यांचाही प्रश्न आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची मैदानावर नेलं. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लांबचं धूसर दिसण्याचा दृष्टिदोष जडला होता. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांमध्ये हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. वर्गातल्या दिव्यांचा उजेड तीनशे-पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो. डोळ्यांच्या वाढीला हा उजेड लागतो असं तज्ज्ञ मानतात. थंडी आहे म्हणून मुलांना आत कोंडू नका. अंगावर पुरेसे कपडे असतील हे पाहण्याची जबाबदारी आम्हा पालकांची.

झोपेचंही इथेच सांगून टाकते. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते असं सांगितलं. पहाटे अंधारात सुरू होणारे जादा तास आणि रात्री उशिरापर्यंतचे सराव एकाच आठवड्यात आले तर हे गणित कुठूनही जमत नाही. वेळापत्रक करताना दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघा.

कुटुंबांसाठीचे उपक्रम हा पत्रकातला सर्वांत दुबळा भाग असतो. ‘पालकांनी मुलांसोबत पोस्टर तयार करून आणावे’ असं लिहिलेलं असतं, आणि ते पोस्टर शेवटी आई रात्री जागून रंगवते. त्याऐवजी हिवाळ्यालाच जोडलेल्या, घरातल्या सगळ्यांना मिळून करता येतील अशा गोष्टी सुचवा. काही मी इथे मांडते. यांना पैसे लागत नाहीत, आणि यात कुणी पहिला-दुसरा येत नाही.

सावलीपासून सुरुवात करता येईल. सपाट जागेवर एक मीटरची काठी सरळ उभी करायची आणि मध्यान्हीच्या आसपास दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते ती त्या जागेची खरी मध्यान्ह. घड्याळातले बारा आणि ती वेळ बहुतेक जुळत नाही, हे मुलांना स्वतः सापडतं. उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान आणि मध्यान्हीची सावली वर्षातली सर्वांत लांब असते. (दक्षिण गोलार्धातल्या शाळांनी हे जूनमध्ये करावं.) तिथून सत्र संपेपर्यंत दर रविवारी घरी मोजमाप घेत गेलं की सावली मागे सरकताना दिसते, आणि आलेखाच्या कागदावर एक सुंदर वक्र रेषा तयार होते. मधेच एक प्रश्न मुलांच्या हाती द्यायचा: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर; मग जानेवारीत थंडी का? कितीतरी मोठी माणसंही या प्रश्नावर अडखळतात. पृथ्वीच्या आसाचा २३.४ अंशांचा कल आणि त्यामुळे तिरके पडणारे किरण, हे उत्तर काठीच्या सावलीतच मिळतं.

याला जोडून आणखी एक. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं अशाच सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. इजिप्तमधल्या सायीनी या गावी सूर्य थेट डोक्यावर होता त्या दिवशी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश ढळलेला दिसला. ७.२ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन गावांतल्या अंतराची पन्नासपट म्हणजे पृथ्वीचा घेर. आज कितीतरी घरांतले आजी-आजोबा, काका, मावशी दूर दुसऱ्या गावी असतात. साधारण उत्तर-दक्षिण अंतरावर असलेल्या एखाद्या नातेवाइकानं त्याच दिवशी आपल्या खऱ्या मध्यान्हीला एक मीटर काठीची सावली मोजून फोनवर सांगितली की सातवी-आठवीचं मूल हा हिशेब स्वतः मांडू शकतं. उत्तर थोडं चुकेल. का चुकलं यावर घरात बोलणं होईल. आजीनं अंगणात काठी रोवून घेतलेलं माप गणिताच्या वहीत येणं, याहून चांगला ‘कौटुंबिक उपक्रम’ मला सुचत नाही.

दुसरी गोष्ट आकाशाची. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव भरात असतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीचे, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. त्याचा शोध १९८३ साली लागला. एका रात्री शाळेनं मैदान उघडं ठेवावं, सगळे दिवे बंद करावेत, आणि घरच्यांनी सतरंज्या घेऊन यावं. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ कुणी फोन काढायचा नाही. चंद्राचा उजेड असला तरी हरकत नाही, मृग नक्षत्र तरी दिसतंच. मधल्या तीन ताऱ्यांची ओळ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि पुढे कृत्तिका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ही नावं बहुधा माहीत असतात आणि त्या रात्री ती सांगायला त्यांना ऐकणारे मिळतात. दिवसा अकरा वाजता ठेवलेल्या कार्यक्रमाला येऊ न शकणारे आईवडीलही रात्री येऊ शकतात, हा मोठा फायदा.

फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. १९९८ साली सुरू झालेली ही पक्षिगणना २०१३ पासून जगभर चालते. चार दिवसांत कधीही, कुठेही, निदान १५ मिनिटं उभं राहून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे. खिडकीतून मोजले तरी चालतात. चौथीतल्या मुलाची नोंद आणि शास्त्रज्ञाची नोंद एकाच साठ्यात जाते, हे मुलांना सांगून बघा.

एक अवघड विषय आहे, पण तो टाळता येत नाही. तो म्हणजे शंभर टक्के उपस्थितीचं प्रमाणपत्र. समशीतोष्ण प्रदेशांत फ्लूची साथ मुख्यतः हिवाळ्यातच येते. थंड, कोरड्या हवेत तो विषाणू जास्त टिकतो आणि बंद खिडक्यांच्या वर्गात सहज पसरतो. अशा दिवसांत ताप औषधानं दाबून मुलाला शाळेत पाठवलं जातं, कारण प्रमाणपत्र हुकेल, आणि मूल स्वतःच रडून म्हणतं की मला जायचंय. औषध न घेता निदान २४ तास ताप नसेल तेव्हाच मुलाला पाठवावं, हा सर्वमान्य सल्ला पत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक छापा. आणि ते प्रमाणपत्र बंद करा. त्यानं उपस्थिती वाढते असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या १५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर कार्ली रॉबिन्सन, टॉड रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, पुढे मिळणार म्हणून जाहीर केलेल्या बक्षिसाचा उपस्थितीवर काही परिणाम झाला नाही, आणि आधीच्या उपस्थितीबद्दल अचानक दिलेल्या बक्षिसानंतर ती पुढच्या महिन्यात घटली. त्याऐवजी आजारी मुलाचा बुडालेला अभ्यास त्याच्यापर्यंत कसा पोचेल ते ठरवा. वर्गातल्या एका सोबत्यावर ते काम सोपवलं तरी पुष्कळ झालं. आणि वर्गाच्या दोन खिडक्या दिवसभर उघड्या राहू द्या.

बाकीच्या मागण्या साध्या आहेत. सत्रातल्या सगळ्या तारखा एकदम आणि निदान सहा आठवडे आधी द्या. रजा काढायला, पाळी बदलून घ्यायला, घरच्या आजारी माणसाची सोय लावायला तेवढा वेळ लागतो. कोणत्या कार्यक्रमाला काय आणायचं, किती खर्च येईल आणि तो न झेपणाऱ्यांनी कुणाशी बोलायचं, हे त्याच ठिकाणी लिहा; खासगी शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी पैसा असतोच असं धरून चालू नका. शाळेचं माध्यम एक आणि घरची भाषा दुसरी असेल तर पत्रक दोन्ही भाषांत काढा, कारण दुपारी मूल ज्यांच्या हाती सोपवलेलं असतं त्या आजीला ते वाचता यायला हवं. मुलांची छायाचित्रं बाहेर टाकण्याआधी प्रत्येक घराची लेखी संमती घ्या, आणि नको म्हणणाऱ्याचं मूल समूहचित्राच्या वेळी बाजूला उभं राहणार नाही याची काळजी घ्या. पत्रकाच्या शेवटच्या पानावर एक चौकट रिकामी ठेवा, घरच्यांनी लिहून परत पाठवण्यासाठी.

हे पत्र वाचून एखाद्या मुख्याध्यापकांना वाटेल की पालक सांगतात फार आणि करत काही नाहीत. काही ठिकाणी ते खरंही आहे. क्रीडादिनाला स्वतःच्या मुलाची शर्यत संपली की उठून जाणारे, पालकसभेत फक्त गुणांवर भांडणारे, शुल्क भरलं म्हणजे आपलं काम झालं असं मानणारे पालक मी पाहिले आहेत. मी सह-पालकांनाही सांगते की शाळेनं एक वाक्य पाठवलं तर त्याच रात्री त्यावर मुलाबरोबर बसा, आणि काय झालं ते दुसऱ्या दिवशी दोन शब्दांत शिक्षकांना कळवा. शिक्षकांच्या फोनवर रात्री दहानंतर संदेश टाकू नका. आपलं मूल पडद्याच्या दोरीपाशी उभं असेल तर तेही बघायला या.

माझ्याकडून एक ठोस गोष्ट. येत्या सत्राच्या तारखा जुळवायला, पत्रकाचं दुसऱ्या भाषेत रूपांतर करायला, आकाशदर्शनाच्या रात्री फाटकापाशी उभं राहायला आणि काठ्यांना मापाच्या खुणा करून द्यायला आम्ही काही पालक तयार आहोत. मुलांच्या शाळेला तसं लेखी कळवलं आहे. इतर शाळांमध्येही असे पालक निघतील, तुम्ही विचारा. पत्रकाचा मसुदा छापायला जाण्याआधी एका शनिवारी आम्हाला बोलवा. त्या दिवशी प्रत्येक वर्गाची हजेरी समोर ठेवू आणि क्रमांक एकपासून शेवटपर्यंत प्रत्येक नावासमोर त्या मुलाला या सत्रात काय मिळणार आहे ते लिहीत जाऊ. ज्या नावासमोरची जागा रिकामी राहील, तिथून वेळापत्रक बदलायला सुरुवात करू.

आपली,
एक पालक